कुंपणातली वाट

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तारेचं कुंपण दिसलं की मी खांब हलवून बघते. नवरा ओरडतो, "अगं, लोकांचं आहे ते!" पण खोड तुमचीच. कुवेतमध्ये तुम्ही सुपरवायझर, वाळवंटात मैलोन्‌मैल कुंपण घालायचात, आणि शुक्रवारी सुट्टी असूनही मला सालमियाच्या फ्लॅटमधून उचलून गाडीत घालायचात. मी तेव्हा दहा वर्षांची. आई म्हणायची, "पोरीला उन्हात कशाला नेताय?" तुम्ही म्हणायचात, "रान बघू दे की. टीव्हीत काय मेंढरं हायती व्हय?"

इराकच्या लढाईनंतर त्या रानाची पार रया गेली होती. रणगाड्यांनी तुडवलेलं, उरलंसुरलं जनावरांनी ओरबाडलेलं. म्हणून मोठा पट्टा राखीव केला. झुडपं वाढावीत, पाखरं परतावीत, चराई बंद. तुम्ही त्याला कधी नावं ठेवली नाहीत. "गवात ऱ्हायलं तर मेंढरू ऱ्हाईल," म्हणायचात. पण कुंपण घालायच्या आधी नकाशावरची सगळी रेघ तुम्ही पायी चालून बघायचात. इंजिनिअर हसायचे. हसू देत. अशाच एका चालण्यात तुम्हाला जमिनीत बोटभर खोल गेलेल्या पायवाटा दिसल्या आणि तुम्ही मटकन खाली बसलात. "ही मेंढरांची वाट हाय. लई जुनी."

वाट एका म्हाताऱ्या अरब मेंढपाळाची होती. दर वसंतात तो कळप घेऊन पलीकडच्या पाण्यावर जायचा. कुंपण झालं की दोन दिवसांचा वळसा, आणि नुकत्याच व्यालेल्या मेंढ्यांना तो झेपला नसता. हे आपल्याला कळलं ते रत्नागिरीच्या ड्रायव्हरचाचांमुळे, अरबी त्यांनाच यायची. पहिल्या भेटीत मात्र तुम्ही घोळ घातलात. मला अजून दिसतंय. तुमचा धनगराचा जीव, कळप बघून राहवत नाही. "काय गुबगुबीत मेंढरं!" म्हणत तुम्ही एका मेंढीच्या पाठीवर थाप मारता. म्हाताऱ्याचं तोंड आंबट होतं. चाचा कुजबुजतात, "अहो, आधी माशाल्ला म्हणा! नजर लागते." तुम्ही खो खो हसता. "आरं, आमच्याकडंबी तसंच हाय की!" आणि इंजिनातलं काळं बोटाला लावून मेंढीच्या कपाळावर टिक्का काढता. म्हातारा एवढा हसतो की त्याला ठसका लागतो.

तुमच्या कंपनीचे पुण्याचे साहेब मात्र हसले नाहीत. "मंजूर नकाशात फाटक नाही. तुम्ही खांब पुरा, बाकी आम्ही बघतो." तुम्ही तीनदा विचारलंत, एकदा लेखी दिलंत. मग त्या वाटेवर जाळी पिळून न बांधता नुसती आकड्यांवर अडकवलीत. उचलली की वाट, लावली की कुंपण. म्हाताऱ्याला एकच अट, आत चरायला थांबायचं नाही. दोन वसंत त्यानं ती पाळली. पुढे चालणाऱ्या मेंढ्यांना तो मुसकी बांधायचा, म्हणजे मागच्याही थांबत नाहीत. आत झुडपं वाढतच राहिली. तेव्हा मला वाटायचं, अख्ख्या कुवेतमध्ये माझ्या बापाइतका शहाणा माणूस नाही. आजही वाटतं.

तिसऱ्या वसंतात साहेबांनी स्वतः उभं राहून ती जाळी वेल्डिंग करून घेतली. तुम्हाला अम्गराच्या यार्डात पाईप सांभाळायला धाडलं. म्हातारा कळप घेऊन आला, जाळी हलवून पाहिली आणि तिथूनच माघारी फिरला. त्या उन्हाळ्यात त्यानं मेंढ्या विकल्या. हे आईला सांगताना तुम्ही रडलात. गावाकडं रान राखीव झालं तेव्हा आज्यानंही असाच कळप विकला होता, तेही तेव्हाच सांगितलंत. "एवढी एक वाट द्यायची हुती गं त्याला."

साहेबांना सांगितलं कोणी? तुम्ही ठरवलंत, चाचांनी. साहेबांची गाडीही तेच चालवायचे ना. चाचा आपल्या दारात उभं राहून शपथेवर नाही म्हणत होते. तुम्ही दार लावून घेतलंत, आणि मरेपर्यंत त्यांच्याशी बोलला नाहीत. तेवढं एक तुमचं चुकलं, आबा.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तर लिहिता येतंय. आपल्या लोकांच्या गणपतीत साहेबांच्या मुलीनं सगळ्यांसमोर मला विचारलं होतं, "तुझे बाबा काय करतात, खड्डे खणतात?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, माझ्या आबांनी कुंपणात अशी वाट केलीय, की तुझ्या बाबांच्या नाकासमोर असून त्यांना दिसत नाही. कुठे, असं तिनं विचारलं. मी तेही सांगितलं. चाचा दारात शपथ घेत होते तेव्हा मी तुमच्या मागेच उभी होते, आबा, आणि गप्प राहिले.