आईने विकलेलं डुक्कर

ब्रिस्बेन, १२ मार्च १८६८

होनोराताई,

देव त्या घरावर नजर ठेवो. रेघेपर्यंतचं आईला मोठ्याने वाचून दाखव, खालचं तुझ्या एकटीसाठी आहे.

मी विधानसभेवर निवडून आलो, आई. बंदरावरचे आपले आयरिश हमाल झाडून सगळे माझ्या मागे उभे राहिले. पिठामिठाचं दुकान नीट चाललंय, जेवणात रोज मटण असतं, रविवारची प्रार्थना चुकत नाही. तुझे गुडघे कसे आहेत? नव्या घराचं छप्पर गळत नाही ना?

———

परवा विधानसभेच्या सभासदांना जेवण होतं. व्हिटलॉक म्हणून मेंढ्यांचा मोठा मालक आहे. तो सगळ्यांदेखत म्हणाला, "काय हो टूही, तुम्हा आयरिश लोकांकडे डुक्कर घरातच झोपतं म्हणे. मग निवडणुकीला तुम्हा दोघांपैकी कुणी उभं राहायचं, हे ठरतं कसं?"

झोपायचंच की ते, चुलीपाशी. आई आपल्या आधी त्याला खायला घालायची, कारण जमीनदाराचा खंड त्याच्या जिवावर भरला जायचा. तेच विकून तिने मला जहाजावर बसवलं. खंड थकला, जमीनदाराने घराबाहेर काढलं, आणि तुम्ही दोघी वर्षभर मामाच्या गोठ्यात राहिलात.

आणि व्हिटलॉकच्या त्या बोलण्यावर सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो. व्हिटलॉकने माझ्या पाठीवर थाप मारली आणि खुर्ची जवळ ओढून घेतली.

आईने पुन्हा विचारलं तर सांग, कॉर्मॅक तिकडे मजेत आहे, सारखा हसत असतो.

तुझा धाकटा,
कॉर्मॅक