कावडीची गाठ

१ सप्टेंबर
आजपासून रोज लिहायचं. पुढे कोणी विचारलं तर पुरावा हवा. अर्थात हे कोणी वाचायचं नाही.

देवचंदकाका गेल्यापासून तुडुमाच्या, म्हणजे तलावाचं पाणी सोडायच्या मोरीच्या, पूजेचा मान रिकामा आहे. धान पोटरीला आलं की तलावाचं पाणी सोडायचं. त्याआधी तुडुमाच्या दारावर पहिला नारळ फोडायचा तो तलाव बांधणाऱ्याच्या घरातल्या माणसाने, ही गावची रीत. घरातले म्हणजे आता दोघेच. मी आणि चुलतभाऊ चुन्नीलाल. चुन्नीलालकडे गोंदियातली टाइल्सची एजन्सी आहे. माझ्याकडे खांदा आहे.

४ सप्टेंबर
खांद्याबद्दल नीट लिहून ठेवतो. उजवा खांदा, मागची बाजू, लिंबाएवढी गाठ. मऊ. दाबली की सरकते. दुखत नाही. वडिलांना होती, आजोबांना होती. आजोबा सांगायचे, मूळ पुरुषाने कावडीने माती वाहून तलावाची पाळ बांधली, त्या कावडीचा घट्टा रक्तात उतरला. चुन्नीलालचा खांदा लहानपणी पोहताना पाहिलाय. सपाट.

एस.टी.त कंट्रोलर होतो तेव्हा एका डॉक्टरने हिला लायपोमा म्हटलं होतं. चरबीची गाठ, निरुपद्रवी, नको असेल तर काढून टाका. माणूस हुशार होता. इतिहासाची जाण नव्हती.

९ सप्टेंबर
सरपंच दुर्गेश्वरीबाईंनी सांगितलं, मानाचा निर्णय २८ तारखेच्या सभेत. ज्याला बोलायचं त्याने बोलावं. मला बोलायला काय लागतं? सव्वीस वर्षं माइकवर बोललो.

ठरवलं: भाषण रोज म्हणायचं. योग्य क्षणी शर्ट काढायचा. तोवर न्हाव्याला खांदा दाबू द्यायचा नाही.

सावित्री म्हणाली, कायले जी लोकायसमोर उघडे होता, शोभते का? मी विचारलं, तुझ्या माहेरी तलाव होता का? म्हणे, विहीर होती. पन तिले पानी होतं.

संध्याकाळी आमच्या कुत्र्यासमोर, टायगरसमोर, भाषण म्हटलं. सगळं ऐकलं त्याने. मध्येच उठला नाही. या घरात विश्वास ठेवावा असा तोच एक.

१३ सप्टेंबर
टायगरची मान खाजवताना हाताला काहीतरी लागलं. उजवा खांदा. मऊ. सरकतं.

कोणाला सांगितलं नाही. केस दाट आहेत. दिसायचं कारण नाही.

१४ सप्टेंबर
गांधीलमाशी चावली असणार. हळद लावली.

१७ सप्टेंबर
रोज हळद लावतोय. गाठ तेवढीच आहे. पांढऱ्या कुत्र्यावर पिवळा डाग मात्र रस्त्यावरून दिसतो. हा विचार आधी करायला हवा होता.

सावित्रीने विचारलं, कुत्र्याले हळद काऊन लावली, लगीन हाय का त्याचं? मग हात लावून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मग टायगरकडे. मग परत माझ्या खांद्याकडे. ते मला आवडलं नाही.

१९ सप्टेंबर
सुकरामच्या ऑटोने टायगरला गोरेगावला नेलं. सावित्रीचा हट्ट. जनावरांचे डॉक्टर हिमांशु, पोरसवदा आहेत. सुई टोचून काढलेला थेंब काचेवर पाहिला. म्हणाले, लायपोमा. वय झालेल्या कुत्र्यांना होतो, माणसांनाही होतो. काही करू नका. वाढली किंवा चालताना अडली तर आणा.

मी हळूच विचारलं, ओझं वाहून होते का? त्यांनी विचारलं, हा कुत्रा काय वाहतो?

इथे सावित्रीने घात केला. म्हणाली, ह्यायले बी हाय डॉक्टरसाहेब, अशीच, ह्याच खांद्यावर. डॉक्टरांना उत्साह आला. बकऱ्या घेऊन बसलेल्या लोकांसमोर माझी कॉलर खाली ओढली, एक हात माझ्यावर, एक टायगरवर ठेवला आणि म्हणाले, सेम टू सेम. माणसांच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या, पण काळजी नको.

काळजी नको! सुकराम दारात उभा होता.

२० सप्टेंबर
गावभर झालं. चहाच्या टपरीवर सुकराम विचारतो, केशोरावजी, टायगरच्या आज्यानं कोन्ता तलाव खोदला होता जी? चुन्नीलालचा गोंदियाहून फोन. हसून हसून बोलताच येत नव्हतं. शेवटी म्हणाला, दादा, मान टायगरको दे देते हैं, सीनियर तो वही है.

टायगरशी बोलणं बंद. इतक्या जागा होत्या. पोट होतं, शेपूट होतं. माझाच खांदा निवडला. आजपासून माझ्या ताटातली पोळी नाही.

दुपारी अर्धी दिली. ती सवयीने गेली.

२४ सप्टेंबर
शांतपणे विचार केला. बाजू उलट भक्कम झाली आहे. टायगर आठ वर्षं या घरात आहे, याच तलावाचं पाणी पितो. म्हणजे गाठ रक्तातच नाही, पाण्यातही उतरली. तलाव आपली माणसं ओळखतो. हे वाक्य भाषणात घातलं. शर्टाची बटणं ढिली करून ठेवली, म्हणजे ऐन वेळी अडकणार नाहीत.

२८ सप्टेंबर
सभा झाली.

भाषण उत्तम. “तलाव आपली माणसं ओळखतो” म्हणून शर्ट काढला, सभेकडे पाठ केली. पूर्ण शांतता. मला वाटलं, भारावले.

मागून सुकरामचा आवाज, हे तं मले बी हाय. कोपर दाखवत होता. मग शामकलाबाई म्हणाली, मानेवर पाहा माह्या. कोणीतरी म्हणालं, आमच्या म्हशीलेही हाय, आनू का? चुन्नीलालने शर्ट वर केला. पोटावर तीन. तीन! आणि हे त्याने मला कधी सांगितलं नाही. सख्खा चुलतभाऊ.

दुर्गेश्वरीबाई म्हणाल्या, गाठी मोजत बसलो तं धान वाळून जाईन. मग त्यांनी विचारलं, उन्हाळ्यात तलावातली बेशरमाची झुडपं कोणी उपटली? गाळ कोणी वाहिला? बचत गटाच्या बायांनी. त्यांच्या पुढे कोण होतं? सावित्रीबाई. सूनही घरचीच असते. मान तिचा.

सगळ्यात आधी चुन्नीलालचा हात वर गेला. मी अजून पाठमोराच होतो.

मे महिन्यात ती रोज सकाळी बाहेर असायची, हे खरं. मी विचारलं नाही. कूलरपुढे बसून इतिहासाचा विचार करत होतो.

घरी आल्यावर सावित्री म्हणाली, मान तिला मिळणार हे तिला आधीच माहीत होतं. म्हणजे मी भाषण पाठ करत होतो तेव्हाही! मग बांगड्या वर सारून हात पुढे केला. मनगटाच्या वर, चांगली सुपारीएवढी. माह्या मायलेही होती, म्हणाली. बारा वर्सं झाले. तुमाले दिसली नाही?

टायगर तिच्या खाटेखाली जाऊन झोपला.

४ ऑक्टोबर
उद्या तुडुम उघडणार. मी जाणार नाही. गोरेगावला काम काढलं आहे. काम कोणतं ते सकाळी ठरवू.

५ ऑक्टोबर
बस आली नाही. कंट्रोलर म्हणून मला हे अपेक्षित असायला हवं होतं. तलावावर गेलो.

सावित्रीने एका फटक्यात नारळ फोडला. टायगर तिच्या पायाशी, कपाळाला कुंकू. पाणी सोडण्याआधी पाळीला पडलेली एक घळ बुजवायची होती. बाया टोपल्यांनी माती टाकत होत्या. दुर्गेश्वरीबाई म्हणाल्या, केशोरावजी, तुमी कावडवाल्याच्या घरचे, दोन खेपा तुमीही टाका. हसत नव्हत्या. चुन्नीलालने मोबाइल काढला.

कावड उजव्या खांद्यावर घेतली.

ती गाठीवर बसत नाही. गाठ चार बोटं मागे आहे. कावड मानेशी बसते, गाठीचा तिच्याशी काही संबंध येत नाही. दांडा मागे सरकवून गाठीवर बसवून पाहिला. गाठ सरकली, कावड सरकली, माती सगळी सावित्रीच्या नव्या लुगड्यावर. तिने झटकली आणि म्हणाली, डाव्यावर घ्या जी.

डाव्यावर घेतली. पाणी सुटेपर्यंत खेपा टाकल्या. वाटेत आठवून पाहिलं. वडिलांनी कावड उचललेली कधी पाहिली नाही. आजोबांनीही नाही. ते फक्त सांगायचे.

संध्याकाळी आरशात पाहिलं. डाव्या खांद्यावर, बरोबर दांड्याच्या जागी, चांगला उंच फुगवटा. लाल. दाबला की दुखतो. सरकत नाही.

सावित्रीला बोलावून दाखवला. तिने बोट लावून पाहिलं. सूज हाय जी, म्हणाली. सकाळवरी उतरते.