मराठीच्या कपाटाकडे कोणी जात नाही

सोमवार, ६ फेब्रुवारी १९९५

लायब्ररीतून अर्थशास्त्राची आणखी दोन पुस्तकं गायब! आता पाच झाली. सगळी नव्या आर्थिक धोरणावरची, परदेशातून आलेली, प्रत्येकाची एकच प्रत. डॉलर महागल्यापासून दुसरी प्रत मागवायचं नाव काढलं की वरच्यांचे चेहरे पडतात. परीक्षा तोंडावर, मुलं काउंटरवर येऊन माझं डोकं खातात.

मंगळवार, ७

लायब्ररी कमिटीचे मल्होत्रा सर तणतणत आले. "मैंने पहले ही कहा था, मिसेस साठे. ताले खोलेंगी तो यही होगा." आधीचे लायब्ररियन कपाटांना कुलपं लावून किल्ल्यांवर बसायचे – पुस्तक हरवलं तर पगारातून कापतात ना! मी दोन वर्षं भांडून ती कुलपं काढवली. आता पुढच्या शुक्रवारच्या बैठकीत चोराचं नाव द्या, नाही तर पुन्हा कुलूप, म्हणे! मीही तडकले. "नाम मिलेगा. और जो भी हो, उसका कार्ड साल भर के लिए बंद." बोलून बसले खरी.

गुरुवार, ९

काही पत्ता नाही. नोएडाची बसही चुकली. घरी रुचिताचं सुरू – "आई, क्लासमध्ये सगळे तुलाच शिव्या घालतायत यार." पोटची पोर अर्थशास्त्राच्याच एम.ए.च्या वर्गात. तिलाही पुस्तकं मिळत नाहीत, म्हणाली.

सोमवार, १३

सापडली!! मल्होत्रांच्या फोनानं डोकं फिरलं होतं. जरा एकटं उभं राहावं म्हणून मराठीच्या कपाटाशी गेले – ह्या हिंदी मुलखात तिथं चिटपाखरू फिरकत नाही. एक कादंबरी ओढली, तर मागे जाडजूड इंग्रजी पुस्तक. पाचही तिथंच, रांगेमागे नीट दडवलेली! चोरी नाहीच ही. दुसऱ्याला मिळू नयेत म्हणून लपवायची, रोज येऊन वाचायची, जाताना परत मागे सारायची. हुशार कार्टं! हसूच आलं.

उपाय साधा आहे. एकच प्रत असेल ती पुस्तकं काउंटरमागे ठेवायची, दोन-दोन तास द्यायची, तिथंच बसून वाचा. बाकी कपाटं उघडी. कुठं सापडली ते कुणाला बोलले नाही. चोर अजून पकडायचाय.

मंगळवार, १४

काल जेवताना ह्यांनी विचारलं, "मिळाली का गं तुझी पुस्तकं?"

"मिळाली की. पाचही."

रुचिताचा घास हातातच राहिला. "पण मराठीच्या कपाटाकडे तर कोणी जातच नाही!"

मी कपाटाचं नावही काढलं नव्हतं.

आणि हे वाक्य तिचं नाहीच. दर रविवारी जेवताना मीच ते कुरकुरते. तिनं मराठी वाचावं म्हणून किती मागे लागले! तिनं त्या कपाटाचा एवढाच उपयोग केला.

"सगळेच करतात, आई... तू सांगणार नाहीस ना?" हे म्हणाले, "आपलीच पोर आहे. पुस्तकं मिळाली, विषय संपला." मला ह्यांचा फार राग आला. मलाही तेच वाटत होतं म्हणून.

गुरुवार, १६

काउंटरवर त्या पाच पुस्तकांसाठी रांग. एक मुलगा पुस्तक घेऊन उभाच राहिला. "मैम, ये मैंने पहली बार हाथ में ली है." रुचिताच्याच वर्गातला.

शुक्रवार, १७

बैठकीत नाव सांगितलं. मल्होत्रा सरांनी चष्मा काढला. "मिसेस साठे, ये तो आपकी..."

"जी. मेरी बेटी."

कार्ड वर्षभर बंद. सही मीच केली. कुलपं लागणार नाहीत. बसमध्ये रडू आवरलं नाही.