सलीमचा सैनिक परत आला

रविवार, संध्याकाळ

मंदारच्या घरून आत्ताच आले. डोकं अजून तापलेलंच आहे. दर रविवारी मंदार, सलीम आणि मी टेबलावर फासे टाकून जो साहसाचा खेळ खेळतो, त्याची नवी आवृत्ती आली आहे. खेळ मंदार चालवतो, म्हणून त्याने परस्पर ठरवून टाकलं की आजपासून नवे नियम.

नव्या नियमांत मेलेलं पात्र सहज परत आणता येतं. जुन्यात मेलं की मेलं. खेळातलं माझं पात्र, वैदीण, पलीकडे पोचावी म्हणून सलीमचा म्हातारा सैनिक शत्रूला अडवत पुलावर एकटा उभा राहिला होता. तो मेला त्या रविवारी सलीम चहा न पिताच घरी जायला घोटीची बस पकडायला निघून गेला. मी घरी येऊन चक्क रडले होते. कोणाला सांगितलं नाही, हसले असते.

आज मंदार म्हणाला, "सलीम, तुझा म्हातारा परत आणू या का?"

"आण ना," सलीम लगेच म्हणाला.

मी म्हटलं, "मग त्या पुलाचं काय?"

"अगं, गेमच आहे ना," मंदार हसला. "एवढं काय मनावर घेतेस?"

मीच हट्टी आहे का? असेनही. पण तो पूल फुकट गेला.

सैनिक उठला. सलीमने फासे उचलले आणि मला सहज विचारलं, "हा मेला कसा होता गं?"

"आठवत नाही," मी म्हणाले आणि माझी पाळी येण्याची वाट बघत बसले.