दादा, जरा बाजूला सरक

प्रिय दादा,

पुढच्या गुरुवारी तुझं वर्षश्राद्ध. चार दिवसांपूर्वी वाळूजहून वहिनीचा फोन आला. म्हणाली, "सीमाताई, भिंतीवरचा तो फोटो उतरवायचाय. तुम्ही काढलेला ह्यांचा एखादा द्या ना." मी हो म्हणून बसले. त्या फोटोचा निकाल आज लागला, म्हणून हे पत्र.

भिंतीवरचा म्हणजे तुझ्या कारखान्याच्या पासवरचा. शिफ्टला निघताना बूट घालायला खाली बसलास तो उठलाच नाहीस, आणि घाईत तोच फोटो सापडला. मोठा केल्यावर चेहरा धुरकट झाला. भेटायला येणारे तो बघायचे, मग माझ्याकडं बघायचे. "बहीण फोटो काढते ना?"

काढते की! जैसलमेर, बाडमेर, स्पीती, लडाख. बारा वर्षांत किती रस्ते झाले आपले! जीप तू चालवलीस, कॅमेरा मी धरला. हजारो फोटो आहेत. त्यांत तू नाहीस.

माझी पद्धत तुला माहीत आहेच. आधी तू समोर जाऊन उभा राहायचास. तुझ्यावर फोकस धरून मी चाचणीचा एक फोटो काढायची, उजेड बघायची आणि म्हणायची, "दादा, जरा बाजूला सरक."

"सरकतो बाई. तुझ्या डोंगराला माझी नजर लागंल!"

आणि उजवा पाय थोडा ओढत निघून जायचास. मोटारसायकलवरून पडल्यापासूनची ती चाल. संध्याकाळी कार्डात जागा हवी म्हणून मी चाचणीचे फोटो पुसायची. म्हणजे तुझे फोटो होते, दादा. रोज होते. मीच पुसले.

माझ्या निसर्गात माणूस नको, असं मी सगळ्यांना ऐटीत सांगायची. तू मात्र प्रत्येक कड्यापुढं एकच म्हणायचास. "एवढं लांब येऊन हेच बघायचं व्हय? आपला दौलताबाद काय वाईट हाय?" मला राग यायचा. आता ते फोटो बघते तेव्हा दगड तेवढे दिसतात, तुझं बोलणं त्यांत कुठंच नाही.

फक्त एकदा तू मागितलंस. स्पीतीत, त्या उंच खिंडीत. खिशातला कंगवा काढून केस नीट केलेस, शर्ट खोचलास. "एक माझाबी काढ की."

मी काय म्हणाले? "उजेड जातोय दादा, परत येताना काढते."

परत आलो ते दुसऱ्या रस्त्यानं. तू पुन्हा कधी विषय काढला नाहीस. का काढला नाहीस रे? एकदा दटावायचं होतंस मला!

तर चार दिवस मी सगळं उपसलं. शेवटी 'बिघडलेले' नावाच्या फोल्डरमध्ये जैसलमेरची ती टेकडी सापडली. आठवते? रात्रभराच्या वाऱ्यानं वाळू अशी विंचरून ठेवली होती की मी श्वास रोखून उभी होते. तेवढ्यात माझ्या लेन्सचं झाकण वाऱ्यानं उडालं आणि चढावर जाऊन पडलं. तू चप्पल काढलीस आणि मी ओरडेपर्यंत निम्मी टेकडी चढून गेलास. कोऱ्या वाळूवर पावलांची रांग! झाकण वर धरून हसलास आणि पलीकडं दिसेनासा झालास. मी रागानं एक फोटो काढला. काय करून ठेवलंस ते तुला दाखवायला.

बऱ्याच वेळानं तू लांबून वळसा घालून, घामानं भिजून जीपपाशी आलास. "मागून उतरलो. आणखी खराब नको व्हायला." मी पुढचं फलोदी गाव येईपर्यंत तुझ्याशी बोलले नाही. फोटो दाखवायचाही राहिला.

आज तोच छापून, चौकटीत बसवून वाळूजला नेला. दुसरं काही नव्हतंच. वहिनीला सगळं खरं सांगायचं ठरवून गेले होते. तिनं फोटो हातात घेतला, उलटसुलट केला.

"ताई, यात हे कुठंयत?"

मी सांगायला तोंड उघडलं, तोवर ती खिडकीपाशी गेली, चष्मा लावला. फोटो उजेडात धरला.

"अगं बया, ही तर ह्यांचीच पावलं! हे बघा, डावं नीट उमटलंय. उजवं ओढलंय." मग बोट रांगेवरून हळूहळू वर नेत टेकडीच्या टोकाशी थांबली. "आणि खाली आलेली नाहीत."

"मागून उतरला होता. माझा फोटो खराब होऊ नये म्हणून."

"तसेच होते ते," वहिनी म्हणाली. स्टुलावर चढून तिनं पासवरचा फोटो उतरवला आणि त्याच खिळ्यावर हा टांगला. मी स्टूल धरून उभी होते. उतरल्यावर पदरानं काच पुसत म्हणाली, "एवढी मोकळी जागा मी कधी बघितलीच नाय हो."

बारा वर्षं आपण हिंडलो, दादा, आणि दरवेळी ती दशम्या बांधून दारात उभी असायची. चल म्हणायचं तुलाही सुचलं नाही, मलाही नाही.

थंडी पडली की तिला घेऊन जाईन. त्याच टेकडीवर, सकाळच्या उन्हात. वाळूवर तिला हवं तिथून चढू दे, हवं तिथून उतरू दे. मी कॅमेरा धरेन आणि तिला बाजूला सरक म्हणणार नाही. हा शब्द तुला दिला.

तुझी,
सीमी