ताईच्या नंबरवरचा ओटीपी

५ जुलै, लातूर

कापलेले पैसे परत मिळतात! दोन वर्षं क्लासच्या डाऊट काउंटरवर बसून अकरावीच्या पोरांची गणितं सोडवली आणि दर महिन्याला क्लासवाले पगारातून टॅक्स कापत राहिले. आम्ही पोरी गप्प. आज नेटकॅफेवाला मन्मथ म्हणाला, "तुमची कमाई टॅक्सात बसतच न्हाई. रिटर्न भरा, सगळे वापस येतेत." शेवटच्या वर्षाची फी निघेल. अण्णांपुढे हात पसरायला नको.

६ जुलै

फॉर्म भरला आणि शेवटच्या पानावर अडलं. आधारवर ओटीपी जाणार. आधारला नंबर ताईचा.

गावात आधारचा कॅम्प आला तेव्हा घरात मोबाईल एकच — ताईचा. ऑपरेटरने चौघांनाही तोच लावला. पुढे ताईने नांदेडला स्वतःच्या मनाने लग्न केलं. अण्णा म्हणाले, "ती मेली आपल्यासाठी." तीन वर्षं झाली. घरात तिचं नाव निघत नाही. सरकारी काम असलं की ओटीपी टाळून अण्णा लोह्याच्या केंद्रावर अंगठा लावून येतात.

नंबर बदलून घेता येतो. एका दिवसाचं काम. तरी मी जात नाहीये.

७ जुलै

फोन हातात घेतला, ठेवला. हिंमत नाही.

९ जुलै

लावला! नेटकॅफेतूनच. एका रिंगमध्ये उचलला.

"ताई, मी वैष्णवी. ओटीपी आला का गं?"

तिने एकेक आकडा वाचला, मला लहानपणी पाढे शिकवायची तसा, सावकाश. मीच एक आकडा चुकीचा टाकला. पुन्हा मागवला. तो येईपर्यंत ती म्हणाली, "दिवाळीत मायला दवाखान्यात नेलतं ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"मायच्या आधारचा मेसेज आलता, दवाखान्याच्या कार्डासाठी. मग पुढं काहीच न्हाई. लई दिवस झोप न्हाई लागली मला."

घरचं तिच्यापर्यंत पोचतं ते एवढंच. आमचे ओटीपी, कुणी न वापरलेले आकडे! सगळ्यांसमोर रडले. मन्मथने पंखा माझ्याकडे वळवला.

१४ ऑगस्ट

पैसे जमा. उद्या गावी.

१५ ऑगस्ट, गाव

पैसे मायच्या हातात ठेवले. अण्णा खुशीत होते, जेवता जेवता गावभराची चेष्टा चालली होती. मग एकदम, "ओटीपी कुठं आलता म्हने तुझा?"

अण्णांशी मला खोटं बोलता येत नाही. सांगितलं. अण्णा ताटावरून उठले. दारातून म्हणाले, "परत तिला फोन केलास तर लातूर बंद."

माय भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "कशी हाय?"

बरी आहे म्हटलं. मी विचारलंच नव्हतं.

१८ ऑगस्ट

अण्णांनी आम्हा दोघींना लोह्याच्या केंद्रावर नेलं. नवं सिम, नवा नंबर. मायने पदराने डोळे पुसले आणि तसंच बोट मशीनवर ठेवलं. ऑपरेटर बजरंग म्हणाला, "ओलं बोट चालत न्हाई, मावशी." पुसून पुन्हा लावलं. चाललं.

अण्णा शेवटी एकटे आत गेले. बाहेर येऊन म्हणाले, "माझा ठसा उठंना. बघू पुन्हा कवातरी." शेतातल्या कामाने रेषा झिजल्या असतील. ते सोडून द्या, माय परत आजारी पडली तर आता ताईला कळणारही नाही! अण्णांचा एवढा राग कधीच आला नव्हता.

२० ऑगस्ट, लोहा बसस्टँड

लातूरच्या गाडीला वेळ होता म्हणून केंद्रावर गेले. अण्णांना पुन्हा कधी पाठवू, विचारलं.

"कशाला?" बजरंग म्हणाला. "ठसा तर पहिल्या झटक्यात उठलाय की. तेच म्हनले, माझा ऱ्हाऊ द्या तोच नंबर."