बोलक्याची मूळ फाइल कोणाला द्यायची

‘बोलका’ या माझ्या मराठी फॉन्टची खरी किंमत आधी मांडतो: नऊ वर्षांचे रविवार, चष्म्याचे दोन नंबर, ठरलेली आणि न झालेली इटलीची सहल, आणि मुलीचा, ओवीचा, व्हायोलिनचा पहिला कार्यक्रम, जो मी फोनवर पाहिला. हे सगळं मोजून झालेला मी, देवदत्त विष्णू वाळवेकर, वय एकोणसाठ, राहणार झिंडेलफिंगेन, कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, बूड नाही. येत्या मंगळवारी हृदयाची झडप बदलणार आहेत आणि एका कलमापुरतंही सलग बसवत नाही.

हे मृत्युपत्र आधी मी बोलक्यातच टाइप केलं होतं. नोटरीच्या ऑफिसातल्या बाईंनी पहिलं पान पाहिलं आणि परत सरकवलं. जर्मनीत घरी केलेलं मृत्युपत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत हाताने लिहिलेलं लागतं. मी म्हटलं, “पण हे अक्षर माझंच आहे, मीच काढलंय.” त्या म्हणाल्या, “नाइन, नाही, हेर वाळवेकर. हे प्रिंटरने काढलंय.” म्हणून आता बॉलपेन. खाडाखोड करू नका, असंही त्यांनी बजावलंय.

कलम १. फ्लॅट, बँकेतली शिल्लक आणि तळघरातले हिवाळी टायर पत्नी ऊर्मिलाला. ‘आता एकटीने कसं करणार’ असं तिला कोणी विचारू नये. मी असतानाही घर तिनेच चालवलं.

कलम २. सांगलीत दुकानांच्या पाट्या रंगवून मी डिप्लोमा केला आणि गाड्यांचे डॅशबोर्ड आखायला इथे आलो. ब्रश सुटला, कान शाबूत राहिले. ऊर्मिला ‘अहो’ तीन सुरांत म्हणते: चहा झालाय, पाहुणे आलेत, आणि हे काय करून ठेवलंत. सॉफ्टवेअरमध्ये पट्टी सरकवली की बोलक्याचं अक्षर या तिन्ही सुरांतून जातं. रेघ जाड होते, वेलांटी ताणली जाते, शेवटी शिरोरेघसुद्धा दचकते. जोडाक्षरं धरून सातशे बारा अक्षरं झाली आहेत. त्यातलं एकही वळण दुसऱ्या कोणाच्या हातचं नाही, हे अभिमानाने नमूद करतो.

कलम ३. इथल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी हृषिकेश यांनी न विचारता गणपतीच्या निमंत्रणात बोलका वापरला, तोही जागेत बसवायला दोन्ही बाजूंनी चेपून. वर स्वयंपाकघरात कुजबुजले, “काकांचा फॉन्ट जरा लठ्ठच आहे.” मी हॉलमध्ये होतो. त्यांना बोलका कायमचा फुकट. चेपायचा नाही, एवढीच अट.

कलम ४. मूळ फाइल. छापील प्रतीत ती मी हॅनोव्हरच्या पुतण्याला, प्रतापला, दिली होती. तो जेवायला आला तेव्हा म्हणाला होता, “काका, ओवी मराठी वाचते कुठे? तिच्याकडे ती फाइल नुसती पडून राहील.” ओवी स्वयंपाकघरात होती. तिने चमचा खाली ठेवलेला मला ऐकू आला. तरीही मी ‘गेनाऊ’, अगदी बरोबर, म्हणालो.

ओवी वीस वर्षांची आहे, येना विद्यापीठात शिकते, मंगळवारसाठी घरी आली आहे. आज सकाळी हे लिहिताना ती मागे येऊन उभी राहिली. माझ्या आडनावातल्या ळवर बोट ठेवून म्हणाली, “बाबा, दास इस्ट आंडर्स.” वेगळा आहे, खरंच. माझा ळ पाटीवरचा, दोन वाटोळी आणि काम झालं. बोलक्यातला ळ मधेच थबकतो, कोणी हाक मारल्यासारखा. लोक त्याचंच कौतुक करतात. मी तो वीसेक वेळा हाताने काढून पाहिला. जमला नाही. उठलो, दोन खोल्या फिरून आलो, पुन्हा काढला. नाहीच. तोवर ती चहा ठेवायला गेली होती.

म्हणून मूळ फाइल, पासवर्ड आणि राहिलेली एकोणीस जोडाक्षरं ओवीला. तिने मराठी वाचावं अशी अट नाही. प्रतापला वापरायची प्रत. तो रागावेल, रागावू दे.

झिंडेलफिंगेन, १४ मार्च २०२५
(सही) दे. वि. वाळवेकर

साक्षीदार इथे लागत नाहीत, पण त्यांच्यावाचून मला सही पुरी वाटत नाही:
१. सुरेखा भोकरे, शेजारी (सही)
२. उत्कर्ष नाडगौडा, ऑफिसातले सहकारी (सही)

पुरवणी: कलम २ मधलं शेवटचं वाक्य खोडता येत नाही, म्हणून इथे लिहितो. बोलक्यातला ळ ओवीने काढला आहे. तेव्हा ती अकरा वर्षांची होती.
(सही) दे. वि. वाळवेकर